एकच झुडूप, सहाशे खोडं

१९३४ साली टास्मानिया बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॉक्स बाइटच्या किनाऱ्याजवळ, कथील शोधणाऱ्या एका तरुणाला झाडीत एक झुडूप दिसलं. त्याचं पान पिसासारखं विभागलेलं होतं, पर्णिकांच्या कडा दातेरी होत्या आणि वरच्या बाजूला गडद हिरवी चकाकी होती. तरुणाचं नाव चार्ल्स डेनिसन किंग. सगळे त्यांना डेनी म्हणत. वनस्पतिशास्त्र ते कुठे शिकले नव्हते, पण रानात वाढले होते. आसपासची झाडं त्यांच्या नजरेची होती आणि हे झुडूप त्यांत बसत नव्हतं. त्यांनी ते मनात नोंदवून ठेवलं. विज्ञानाने त्याची दखल घ्यायला आणखी तीन दशकं लागली. ते झुडूप मुळात काय आहे, हे कळायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला.

आज त्या झुडपाला शास्त्रीय नाव आहे: लोमॅशिया टास्मानिका. लोक त्याला ‘किंग्ज लोमॅशिया’ किंवा ‘किंग्ज होली’ म्हणतात. अख्ख्या जगात ते एकाच ठिकाणी उरलं आहे. ओढ्याकाठच्या घळी आणि उतार मिळून सव्वा किलोमीटरची एक पट्टी, आणि तिच्यात सहाशेच्या आसपास खोडं. ही सहाशे झाडं नाहीत. शास्त्रज्ञांच्या मते ते एकच झाड आहे.

हे सगळं घडलं तो प्रदेश आधी नजरेसमोर आणायला हवा. टास्मानिया ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, ४३ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहे. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर महासागरावरून अडथळ्याशिवाय येणारे पश्चिमी वारे आदळतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो आपल्या सह्याद्रीसारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बारा महिने झिमझिमत राहतो, गार असतो, अंगात मुरतो. माथ्यावर पांढऱ्या क्वार्टझाइटचे डोंगर आहेत आणि पायथ्याशी बटनग्रास नावाच्या गवताचे पाणथळ माळ. त्या माळांखाली काळी, भिजलेली पीटची माती आहे. माळावर झाड फारसं टिकत नाही. पण ओढे जिथे घळी कोरत उतरतात तिथे आगीपासून आसरा मिळतो, आणि अशा जागी थंड प्रदेशातलं सदाहरित वर्षावन उभं आहे: मर्टल, लेदरवुड, सेलरी-टॉप पाइन, शेवाळ आणि नेचे. किंग यांचं झुडूप अशा झाडीतलं आहे.

ही जमीन कधीच निर्मनुष्य नव्हती. टास्मानियाच्या नैर्ऋत्य भागातल्या गुहांमध्ये हिमयुगातल्या माणसांच्या चुली आणि दगडी हत्यारं सापडली आहेत. ती तीस-पस्तीस हजार वर्षांहूनही जुनी आहेत. माळावर गवत राहावं, शिकार मिळावी, वाट मोकळी राहावी म्हणून तिथले मूळ रहिवासी ठरावीक काळाने माळ जाळत. ओल्या घळींत मात्र आग शिरत नसे. १८३०च्या दशकात वसाहत सरकारने जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन या माणसाला टास्मानियातल्या मूळ लोकांना ‘समजावून’ एकत्र आणायच्या कामावर नेमलं. १८३३मध्ये त्याने पोर्ट डेव्हीच्या परिसरातल्या उरल्यासुरल्या कुटुंबांना आधी मॅक्वेरी हार्बरला नेलं. तिथे कित्येक जण आजाराने मेले. वाचलेल्यांना दूरच्या फ्लिंडर्स बेटावर धाडण्यात आलं. एका पिढीत तो सगळा किनारा रिकामा झाला. या झुडपाला त्यांच्या भाषेत काही नाव असेल, तर तेही त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून ‘किंग यांनी शोधलं’ असं लिहिताना मला अडखळायला होतं. त्या ओढ्यांवरून हजारो वर्षं माणसं ये-जा करत होती, आणि त्यांच्या नजरेतून इतकं ठळक पान सुटलं असेल असं मला वाटत नाही.

किंग कुटुंब तिथे आलं ते कथलासाठी. डेनी यांचा जन्म १९०९चा, ह्यूऑन नदीच्या खोऱ्यातला. वडील चार्ली किंग नैर्ऋत्येला गाळातलं कथील काढायच्या उद्योगात शिरले आणि मुलगाही त्यांच्यामागे गेला. कॉक्स बाइटपासून दहा-बारा किलोमीटर आत मेलालुका नावाची जागा आहे. बाथर्स्ट हार्बरच्या शांत पाण्यातून आत आलेल्या एका चिंचोळ्या फाट्याच्या टोकाला ही खाण होती. पाण्याच्या जोरकस धारेने गाळ धुवायचा, जड कथील खाली बसवायचं, पोत्यांत भरायचं आणि बोटीने होबार्टला न्यायचं, असं ते काम. बोटीची वाट दक्षिण टोकाला वळसा घालून जाई आणि तो समुद्र जगातल्या खवळलेल्या समुद्रांपैकी एक. रस्ता तेव्हा नव्हता, आजही नाही. मेलालुकाला जायचं तर लहान विमानाने, बोटीने, नाहीतर कित्येक दिवस पायी.

दुसऱ्या महायुद्धात डेनी किंग सैन्यात होते. युद्ध संपल्यावर ते मेलालुकालाच परतले आणि जवळपास आयुष्यभर तिथेच राहिले. तिथेच त्यांनी संसार थाटला, घर बांधलं. आजारी माणसाला बाहेर काढता यावं, डाक आणि सामान येऊ शकावं म्हणून १९५०च्या दशकात त्यांनी बुलडोझर चालवत स्वतःच्या मेहनतीने विमानासाठी धावपट्टी तयार केली. ती आजही वापरात आहे. हवामान खात्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाऊस, वारा आणि तापमानाच्या नोंदी पाठवल्या. निसर्गदृश्यं रंगवली. नारिंगी पोटाचा एक छोटा पोपट उन्हाळ्यात मेलालुकाला वीण घालायला येतो. आज या पोपटाची रानातली वीण फक्त त्याच परिसरात होते आणि तो जगातल्या अतिदुर्मिळ पक्ष्यांपैकी एक आहे. किंग त्या पोपटांवरही लक्ष ठेवत. शास्त्रज्ञ आले की त्यांना घरी उतरवून घेत, वाट दाखवत, आणि नंतर नमुने पाठवत राहत.

मला या माणसाचं मोठेपण याच गोष्टीत दिसतं. तो एकाच जागी राहिला. मोहिमेवर आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ दोन आठवडे थांबतो आणि त्या दोन आठवड्यांत जे फुललेलं असेल ते घेऊन परततो. किंग यांच्यापाशी सगळे ऋतू होते, चांगलीवाईट सगळी वर्षं होती. काल नसलेलं आज दिसलं की त्यांच्या ध्यानात येई. कॉक्स बाइटजवळचा तो पहिला ताटवा पुढे पुन्हा सापडला नाही. तो संपला असंच आता मानलं जातं. पण पान त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. साठच्या दशकात याच प्रदेशात दुसऱ्या ठिकाणी त्यांना तेच पान दिसलं, आणि १९६५च्या सुमारास त्यांनी त्याचे नमुने होबार्टला पाठवले. ते पोचले विनिफ्रेड कर्टिस यांच्या टेबलावर.

कर्टिस यांच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती ते नमुने पडले असते तर कदाचित ते एखाद्या जुन्या नावाखाली फाइलबंद झाले असते. त्यांचा जन्म लंडनचा, १९०५चा. १९३९मध्ये त्या टास्मानियात आल्या आणि तिथल्याच झाल्या. टास्मानिया विद्यापीठात त्या शिकवू लागल्या तेव्हा बेटाच्या वनस्पतींचं वापरण्याजोगं अद्ययावत पुस्तक विद्यार्थ्यांकडे नव्हतं. ते त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. ‘द स्टुडंट्स फ्लोरा ऑफ टास्मानिया’चा पहिला भाग १९५६मध्ये निघाला आणि शेवटचा १९९४मध्ये. शेवटच्या भागाचे डेनिस मॉरिस हे सहलेखक होते. जवळपास चार दशकं एकाच ग्रंथाला जोडून घेतलेल्या या बाईंनी टास्मानियातलं प्रत्येक पान, प्रत्येक केसाळ कळी, प्रत्येक फळाची शिवण भिंगाखालून पाहिली होती. त्या पूर्ण शंभर वर्षं जगल्या आणि २००५मध्ये गेल्या.

लोमॅशिया ही प्रजात त्यांना परकी नव्हती. तिच्या एकूण डझनभर जाती आहेत. बहुतेक पूर्व ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात आहेत, आणि तीन पॅसिफिकपलीकडे चिली-अर्जेंटिनात. हे अंतर ऐकून पहिल्यांदा चक्रावायला होतं. पण ही खंडं एकेकाळी गोंडवनात जोडलेली होती, आणि हे कुळ त्या काळाइतकं जुनं आहे. प्रोटिएसी असं त्या कुळाचं नाव. आपल्याकडे त्यातलं एक झाड कुणीही पाहिलेलं असतं: सिल्व्हर ओक. ब्रिटिशांनी चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला आणि पुढे शाळा-कॉलेजांच्या आवारांत पोचलेला हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि याच कुळातला.

टास्मानियात लोमॅशियाच्या दोन जाती आधीपासून ठाऊक होत्या, लोमॅशिया टिंक्टोरिया आणि लोमॅशिया पॉलिमॉर्फा. किंग यांच्या नमुन्यांतली पानं दोन्हींपेक्षा वेगळी होती. दोन्ही ज्ञात जातींची फुलं फिकट, पांढरट-पिवळसर असतात आणि या नव्या झुडपाची गुलाबीकडे झुकणारी लाल. टास्मानियात दुसऱ्या कुठल्याही लोमॅशियाला असा रंग नाही.

एक गोष्ट मात्र कर्टिस यांना कुठेच मिळाली नाही: फळ. या कुळात फळ महत्त्वाचं असतं. लोमॅशियाचं फळ चिवट शेंगेसारखं असतं. ते वाळून एका बाजूने उकलतं आणि आतून पंखवाल्या बिया बाहेर पडतात. नवी जात ठरवताना वर्गीकरणशास्त्रज्ञाला फूल आणि फळ दोन्ही हवी असतात. इथे फुलंसुद्धा क्वचित, काही खोडांवर, काही वर्षीच येत होती. कर्टिस यांनी उपलब्ध पुराव्यावर निर्णय घेतला, आणि १९६७मध्ये लोमॅशिया टास्मानिका हे नाव प्रसिद्ध झालं.

ते प्रसिद्ध झालं ती जागाही ध्यानात ठेवण्यासारखी. नव्या जातीची घोषणा सहसा एखाद्या शास्त्रीय नियतकालिकात होते. ही झाली एका भव्य चित्रग्रंथात, ‘द एन्डेमिक फ्लोरा ऑफ टास्मानिया’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात. टास्मानियात जमीनजुमला असलेले आयरिश सरदार लॉर्ड टॅलबट डी मालाहाइड यांनी या ग्रंथाचा खर्च उचलला होता. चित्रं मार्गारेट स्टोन्स यांची. त्या मूळच्या ऑस्ट्रेलियन, पण काम करत लंडनजवळच्या क्यू उद्यानात. टास्मानियातून ताज्या फांद्या विमानाने क्यूला जात. त्या कोमेजायच्या आत स्टोन्स त्यांचं जलरंगातलं चित्र करत आणि होबार्टमध्ये कर्टिस त्याचा मजकूर लिहीत. १९६७ ते १९७८ या काळात असे सहा खंड निघाले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्या काळी नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे, २०११च्या अखेरपर्यंत तोच नियम होता. म्हणजे कथलाच्या खाणीजवळच्या ओढ्यावरून निघालेलं एक पान जगासमोर आलं ते लॅटिन वर्णन घेऊन, एका चित्रग्रंथाच्या पानावर.

त्याच सुमारास कर्टिस यांनी किंग यांच्या नावाने आणखी एका रोपाचं नामकरण केलं: युफ्रेसिया किंगाय, नैर्ऋत्येतलीच एक छोटी वनस्पती. पुढच्या अभ्यासकांनी तिला दुसऱ्या जातीची उपजात ठरवलं, तरी किंग यांचं नाव त्या उपजातीला चिकटून राहिलं आहे.

पुढची दोन दशकं झुडपाच्या दृष्टीने शांततेत गेली, माणसांच्या दृष्टीने मुळीच नाही. १९७२मध्ये वीजनिर्मितीसाठी नैर्ऋत्येतलं लेक पेडर हे गुलाबी वाळूच्या किनाऱ्याचं तळं धरणाच्या पाण्याखाली बुडवलं गेलं. ते वाचवण्यासाठी उभी राहिलेली माणसं तिथे हरली. पण त्या लढ्यातूनच टास्मानियात जगातला पहिला हरित राजकीय पक्ष मानला जाणारा गट जन्माला आला. दहा वर्षांनी हा सगळा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत आला आणि १९८३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालामुळे फ्रँकलिन नदीवरचं धरण थांबलं. हा इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याइतका मोठा आहे. इथे एवढंच नोंदवतो की किंग यांचं झुडूप आज राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षणात आहे ते या भांडणांमुळे.

या सगळ्या काळात फळाचा प्रश्न तसाच होता. वर्षं लोटली, निरीक्षणं वाढली, फुलं आली आणि गळाली. एकही फळ कुणाला दिसलं नाही. बी नसताना झुडूप पसरत होतं, कारण त्याच्या मुळांतून नवे फुटवे निघत, आणि वाकून जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटत.

टास्मानिया विद्यापीठात जॅस्मिन लिंच, रने व्हायांकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांचा शोधनिबंध १९९८मध्ये ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे सव्वा किलोमीटरच्या पट्टीत वेगवेगळ्या ठिकाणच्या झुडपांत जनुकीय फरक किती आहे. बीपासून वाढलेल्या कुठल्याही समूहात भावंडांमध्येही फरक असतो. इथे तो शून्य निघाला. एका टोकाचं खोड आणि दुसऱ्या टोकाचं खोड, दोन्ही हुबेहूब एक. दुसरी गोष्ट गुणसूत्रांची. टास्मानियातल्या दुसऱ्या दोन लोमॅशियांच्या पेशींत २२ गुणसूत्रं असतात, ११चे दोन संच. या झुडपात ती ३३ निघाली, म्हणजे ११चे तीन संच.

याचा अर्थ आपल्याकडे केळीच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला चटकन समजेल. आपण खातो ती बसराई किंवा ग्रँड नैन केळीसुद्धा त्रिगुणित आहे. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांना जोडीने उभं राहून समसमान वाटणी करावी लागते. दोन संच असले की वाटणी सरळ होते. तीन असले की तिसऱ्याला जोडीदार मिळत नाही, वाटणी बिघडते आणि बी धरत नाही. म्हणूनच केळ्यात बी नसते आणि शेतकरी केळी मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी लावतो. फरक एवढाच की केळीला माणसाने जपलं, हाताने लावलं, खंडाखंडांत नेलं. लोमॅशिया टास्मानिकाला कुणी लावलं नाही. कधीतरी, फार पूर्वी, दोन लोमॅशियांच्या मिलनातून एक बी तयार झाली. तिच्यात चुकून गुणसूत्रांचा एक संच जास्त आला. ती बी रुजली. त्या एकाच रोपाने स्वतःचे मुनवे काढत, पडलेल्या फांद्या रुजवत आजवरचा मार्ग काढला.

किती पूर्वी? डेनी किंग गेले ते १९९१ साल. त्याच वर्षी ग्रेगरी जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी मेलालुका इनलेटजवळच्या जुन्या गाळातल्या वनस्पतींच्या अवशेषांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाळात पानांचे तुकडे होते आणि त्यांतले काही लोमॅशिया टास्मानिकाच्या आजच्या पानांशी तंतोतंत जुळणारे होते. रेडिओकार्बन पद्धतीने त्या गाळाचं वय किमान ४३,६०० वर्षं ठरलं. आजचा ताटवा तिथून साडेआठ किलोमीटरवर आहे.

हे दोन धागे जुळले की निष्कर्ष सरळ दिसतो. झुडूप बी धरूच शकत नाही. मग ४३,६०० वर्षांपूर्वी त्याच खोऱ्यात तेच पान असेल, तर ते पान बहुधा याच जीवाचं. युरोपात निअँडरथल माणसं अजून वावरत होती तेव्हा हे झुडूप इथे होतं. त्यानंतर हिमयुगाची सगळ्यात कडक थंडी आली, समुद्र खाली गेला, टास्मानिया पायी चालता येईल अशा जमिनीने ऑस्ट्रेलियाला जोडलं गेलं, पुन्हा समुद्र चढला आणि बास सामुद्रधुनीने ते वेगळं केलं. तेवढ्या काळात ही पानं झडत आणि फुटत राहिली. एकेक खोड सुमारे तीनशे वर्षं जगतं असं मानलं जातं. जीव मात्र खोडाबरोबर संपत नाही.

इथे काळजीपूर्वक बोलायला हवं. गाळातल्या पानांतून जनुकीय पुरावा मिळालेला नाही, पान जुळतं एवढंच आहे. त्या पानाचं झाड त्रिगुणित होतं की दोन संचांचं, प्रजननक्षम पूर्वज होतं, हे पानाच्या आकारावरून सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूने ४३,६०० ही खालची मर्यादा आहे. रेडिओकार्बन पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे पोचत नाही, त्यामुळे गाळ त्याहूनही जुना असू शकतो. लेखांतून आणि बातम्यांतून ‘जगातलं सर्वांत जुनं झाड’ असा किताब या झुडपाला मिळत असतो. अमेरिकेत युटामध्ये पँडो नावाचं अस्पेनचं वन आहे. तेही मुळांनी जोडलेलं एकच झाड आहे, त्याची खोडं सत्तेचाळीस हजारांच्या घरात आहेत आणि त्याच्या वयावरून अभ्यासकांमध्ये एकमत नाही. अशा शर्यतींत मला रस वाटत नाही. किंग यांच्या झुडपातली थरारक गोष्ट मला त्याच्या वयाहून त्याच्या एकटेपणात दिसते. पँडोच्या भोवताली अस्पेनची लाखो बीज धरणारी झाडं आहेत, ते गेलं तरी अस्पेन राहील. इथे जीव आणि जात एकच आहेत. हे एक झाड मेलं की लोमॅशिया टास्मानिका संपली.

आणि ज्या गुणाने ते तगलं, तोच आज त्याला घातक ठरू शकतो. सगळी खोडं एकसारखी असल्यामुळे एका खोडाला मारणारा रोग सगळ्यांना मारू शकतो. असा रोग तिथल्या मातीत येऊन पोचला आहे. फायटोफ्थोरा सिनामोमाय हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव १९२२मध्ये सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर प्रथम ओळखला गेला. आपल्या कोकणातल्या सुपारीवरचा कोळेरोग आणि विदर्भातल्या संत्र्यावरचा डिंक्या यांना कारण असणारे जीवही त्याचे जवळचे भाऊबंद. त्यामुळे पाण्यातून आणि ओल्या मातीतून तो कसा पसरतो हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुळं कुजतात, झाड उभ्याउभ्या वाळतं. ऑस्ट्रेलियात या रोगाने प्रोटिएसी कुळातल्या असंख्य झाडांचा बळी घेतला आहे. बुटाच्या तळव्याला, तंबूच्या खुंटीला चिकटलेला मातीचा लहानसा गोळा त्याला पुरतो. म्हणूनच नैर्ऋत्येच्या पायवाटांवर चालणाऱ्यांना बूट घासून धुवायला सांगितलं जातं, आणि झुडपाचं नेमकं ठिकाण जाहीर केलं जात नाही. मला हे लपवणं योग्य वाटतं. प्रेमाने बघायला आलेला माणूससुद्धा बुटात माती घेऊनच येतो.

दुसरा धोका आगीचा. पूर्वी माळ पेटत आणि ओली वनं वाचत. आता उन्हाळे कोरडे होत चालले आहेत आणि पावसाशिवाय विजा पडतात. जानेवारी २०१६मध्ये अशाच विजांनी टास्मानियाच्या मध्य पठारावर आगी लावल्या. कधीच न जळालेली, शेकडो वर्षांची पेन्सिल पाइन झाडं त्यात कोळसा झाली. ती झाडं आगीनंतर पुन्हा फुटत नाहीत. किंग यांच्या लोमॅशियाला मुळांतून फुटण्याची सवय आहे, तरी पीटची माती पेटली तर मुळंही जळतात.

म्हणून होबार्टमधल्या रॉयल टास्मानियन बोटॅनिकल गार्डन्सने या झुडपाची रोपं वाढवायला घेतली. १८१८मध्ये स्थापन झालेली ही बाग, पण या झुडपाने तिथल्या माळ्यांचा कस पाहिला. छाटांना मुळं लवकर फुटत नाहीत. फुटली तरी वाढ अतिशय हळू होते. मग दुसऱ्या लोमॅशियांच्या खुंटावर कलमं करून पाहिली गेली, आणि कुंडीतल्या रोपांनाही फायटोफ्थोरापासून जपावं लागलं. बागेत टास्मानियन बीजसंवर्धन केंद्र आहे, जिथे बेटाच्या दुर्मिळ वनस्पतींच्या बिया वाळवून थंडीत साठवतात. लोमॅशिया टास्मानिकाचं तिथे काहीही ठेवता येत नाही, कारण साठवायला बीच नाही. या झाडाची राखीव प्रत म्हणजे जिवंत रोप, आणि रोप म्हणजे पाणी, माती, छाटणी, खुंट आणि कुणीतरी रोज बघणारं माणूस.

कुंडीतलं रोप आणि ओढ्याकाठचं सगळ्यात जुनं खोड यांत जनुकीय फरक शून्य आहे. होबार्टच्या काचघरात वाढतंय ते त्याचं अपत्य नव्हे, तेच झाड आहे, फक्त दुसऱ्या जागी. एखादा सुरक्षित, रोगमुक्त ओढा शोधून तिथे रोपं लावावीत का, हा विचार संवर्धन करणाऱ्यांपुढे आहे. लावली तर नवीन जागी बुरशी आपणच नेणार नाही ना, ही भीती आहे. न लावली तर सगळं एकाच घळीवर अवलंबून राहतं. माझं मत लावण्याच्या बाजूने आहे, पण अगदी थोडी, अगदी जपून, आणि आधी माती तपासूनच. तोवर बागेत छाट लावणं, रुजलेल्यांची नोंद ठेवणं, मेलेल्यांच्या जागी नव्या छाटा लावणं चालू आहे. हे काम कधीतरी पूर्ण होईल अशी अपेक्षा तिथे कुणी धरत नाही.